दान नको, सावड हवी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या प्रत्येक बैठकीत एक वाक्य ठरलेले असते. कापसाच्या भावाचा विषय संपतो, कर्जाचा विषय संपतो, आणि मग एखादा जुना कार्यकर्ता उभा राहतो आणि म्हणतो, "आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही. आमच्या वेळी असं नव्हतं." सगळे माना डोलावतात. मागे दाराशी उभी असलेली चार-दोन पोरे हळूच बाहेर जातात आणि टपरीवर जाऊन बसतात. आपले म्हणणे आपणच खरे करून दाखवतो.

आज मला याच वाक्याबद्दल बोलायचे आहे. हे वाक्य खरे आहे का, हे तपासायचे आहे. आणि खरे नसेल, तर मग पोरे गावाच्या कामात का दिसत नाहीत, याचे कारण शोधायचे आहे.

पोरे काम करतात की नाही?

आधी डोळे उघडे ठेवून बघू. गावात रक्ताची गरज पडली तर रात्री दोन वाजता मोटरसायकल काढून जिल्ह्याच्या दवाखान्यात कोण जाते? गणपती-दुर्गादेवीचा मांडव, सप्त्याची पंगत, लग्नातले वाढप कोण करते? विहिरीत ढोर पडले, गंजीला आग लागली, तर पहिला धावतो तो कोण? हीच पोरे धावतात.

मोठ्या कामांचेही बघा. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा तीनच तालुके होते : अमरावती जिल्ह्यातले वरूड, बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई आणि साताऱ्याचे कोरेगाव. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोचली. एप्रिल-मेच्या उन्हात, पंचेचाळीस दिवस, पहाटे आणि संध्याकाळी माणसे टेकडीवर चर खणत होती. २०१७ चा पहिला नंबर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याच्या काकडदऱ्याने मिळवला. कोलामांचे छोटेसे गाव. त्या टोपल्या उचलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरे आणि पोरीच होत्या, हे ज्यांनी आपल्या तालुक्यात ते काम पाहिले ते सांगतील.

त्याच वर्षी, २०१७ च्या १ जूनला, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप निघाला. दूध-भाजी अडली, सरकारला बोलणी करावी लागली. त्या संपात रस्त्यावर उभी होती ती बहुतेक पंचवीस-तिशीतली मंडळी.

तेव्हा पोरांना हौस नाही, ही गोष्ट खोटी आहे. पोरांच्या अंगात रग आहे आणि मनात गावही आहे. अडचण दुसरीच आहे. आपण पोरांना टोपली देतो, वही देत नाही. खणायला बोलावतो, ठरवायला बोलावत नाही. मांडव घालायला पोरे हवीत, आणि ग्रामसभेत बोलायला उठले तर "तू अजून लहान आहेस." अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे, हा कायदा आहे. घरातल्या बैलाचे दात बघून आपण त्याला जुंपतो. पोराचे मत मात्र त्याचे केस पांढरे झाल्याशिवाय ऐकत नाही.

दान आणि सावड

श्रमदानाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि मग कीर्तनात गावाला झाडले. तुकडोजी महाराजांनी गावाच्या कामालाच प्रार्थना मानले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने कॉलेजातल्या मुलांसाठी राष्ट्रीय सेवा योजना काढली. ३७ विद्यापीठे आणि ४०,००० मुले, अशी सुरुवात होती. आज आपल्या तालुक्याच्या कॉलेजातून दरवर्षी सात दिवसांचे शिबिर कुठल्या ना कुठल्या गावात जाते. रस्ता झाडतात, भिंतीवर घोषणा रंगवतात, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण होते, आणि जातात. त्या सात दिवसांत गावाच्या शेतीचा एक आकडाही कोणाच्या वहीत उतरत नाही. त्यात पोरांचा दोष नाही, ती आपलीच पोरे आहेत. त्यांना कोणी विचारलेच नाही आणि सांगितलेही नाही.

पण या सगळ्याला आपण 'दान' म्हणतो, तिथेच चूक होते. दान वरचा खालच्याला देतो. दानाचा हिशेब मागायचा नसतो. शेतकऱ्याने आजवर पुष्कळ दान केले आहे. स्वस्त धान्य दिले, स्वस्त कापूस दिला, स्वस्त मजूर म्हणून पोरे शहराला दिली. त्याचा हिशेब मागितला तेव्हा लाठ्या खाल्ल्या. आता त्याच शेतकऱ्याच्या पोराने गावातही दानच करत राहावे काय?

आपल्या भाषेत दानाहून चांगला एक शब्द आहे, तो आपण विसरत चाललो आहोत. सावड. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. नांगर अडला तर इर्जिक घालायची, चार घरचे बैल यायचे, ज्याचे काम त्याने जेवू घालायचे. सावडीत कोणी कोणावर उपकार करत नाही. सावडीत हिशेब असतो. लिहिलेला नसतो, पण सगळ्यांच्या लक्षात असतो. ज्याने पाळी चुकवली त्याच्याकडे पुढच्या पेरणीला कोणी येत नाही. दान एका बाजूने चालते. सावड दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून टिकते.

माझे म्हणणे एवढेच आहे. गावातल्या तरुण पोरापोरींचे काम दानातून काढून सावडीत आणले पाहिजे. त्यांनी काय करायचे ते सांगतो, आणि त्याच्या बदल्यात गावाने काय द्यायचे तेही सांगतो. पहिले मान्य आणि दुसरे नामंजूर, असे चालणार नाही.

पाणी अडवले कोणी, उपसले कोणी?

आधी पाण्याचे घेऊ. हिशेबापुरते धरा की एका गावात शंभर जणांनी पंचेचाळीस दिवस सकाळी अर्धा दिवस चर खणले. साडेचार हजार हजेऱ्या झाल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी दोनशे रुपये धरली तर नऊ लाख रुपये होतात. गावाने नऊ लाख रुपये टेकडीवर घातले. हे नऊ लाख कोणत्या कागदावर आहेत? कुठेच नाहीत. कारण ते 'दान' होते.

आता पुढचे बघा. पाऊस झाला, पाणी मुरले, विहिरींना पाझर फुटला. कोणाच्या विहिरींना? ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या. टोपली उचलणाऱ्यांत कोरडवाहू दोन एकरवाला होता, भूमिहीन मजुराची पोरगी होती. पाणी आले ते खालच्या अंगाच्या बागायतदाराला. दुसऱ्या वर्षी त्याने दोन बोअर मारले, ऊस नाहीतर केळी लावली, आणि मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याचा टँकर पुन्हा गावात. तिसऱ्या वर्षी श्रमदानाची हाक दिली तर पोर का येईल? त्याला गाव कळत नाही असे नाही. त्याला गाव फार चांगले कळले आहे.

नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये तिथल्या तरुण मंडळींनी पोपटराव पवारांना सरपंच केले. तेही तेव्हा तरुणच होते. लोक तिथे बंधारे बघायला जातात. बंधारे तर सगळीकडे आहेत. बघायचे आहेत ते तिथले नियम. शेतीसाठी बोअर मारायचे नाहीत. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. खणण्याइतकेच हे मोजणे आणि ठरवणे महत्त्वाचे होते, म्हणून ते गाव टिकले.

हे मोजणे अवघड नाही. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. एक हजार हेक्टरचे शिवार आणि सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे सातशे कोटी लिटर. यातले पुष्कळ उन्हाने उडते, काही पिके पितात, काही नाल्याने जाते, काही मुरते. दिवाळीला आणि होळीला प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजली, आणि दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर मुरले किती आणि उपसले किती ते शाळेतले पोरही सांगेल. सेवा योजनेच्या शिबिराला सात दिवस असतात. भिंती रंगवण्याऐवजी त्यांनी गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर मोजून एक वही ग्रामपंचायतीत ठेवली, तर ती वही कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त वर्षे बोलेल.

बोंडअळीला बांध कळत नाही

आता कापसाकडे येतो. इथे बसलेल्यांपैकी २०१७ चा हंगाम कोणी विसरले नसेल. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली. काही वर्षे बोंडअळी हटली. मग गुलाबी अळीने ते विष पचवायला सुरुवात केली, आणि २०१७ मध्ये बोंडे फोडली तर आत किडका कापूस. त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

या अळीची रीत समजून घ्या. ती बोंडाच्या आत असते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. पाणी देऊन फरदड ठेवली की तिला जानेवारी-फेब्रुवारीतही खायला मिळते. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली, धसकटे शेतात राहिली, जिनिंगमध्ये सरकी पडून राहिली, की ती तिथे झोपून राहते आणि पुढच्या पेऱ्यावर उठते. गावातल्या पन्नास जणांनी डिसेंबर अखेर रान मोकळे केले आणि एकावन्नाव्याने फरदड ठेवली, तर त्या एकाच्या शेतातून उठलेला पतंग पन्नास जणांच्या कापसावर बसतो. पतंगाला सातबारा वाचता येत नाही.

म्हणजे हे दुखणे एकट्या शेतकऱ्याचे नाही, शिवाराचे आहे. कितीही महाग औषध आणले तरी एकट्याने निघणारे नाही. आणि हेच काम तरुण पोरापोरींचे आहे. ते असे करायचे.

शिवाराच्या चारही बाजू धरून दहा शेते निवडायची. प्रत्येक शेतात दोन कामगंध सापळे लावायचे, पीक पंचेचाळीस दिवसांचे झाले की. रोज सकाळी एकेका पोराने किंवा पोरीने आपल्या वाटच्या सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहायचे. एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्री आले, की उपाय करण्याची वेळ झाली. फुले लागली की डोमकळ्या शोधायच्या, तोडून नष्ट करायच्या. बोंडे लागली की शेतात फिरून वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडायची. वीसात दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, आता थांबायचे नाही. हे आकडे आपले कृषी शास्त्रज्ञ बरीच वर्षे सांगत आहेत. ते पुस्तिकेत छापून येतात आणि पुस्तिका कपाटात जाते, कारण मोजायला माणूस नाही.

संध्याकाळी हा आकडा चावडीवरच्या फळ्यावर लिहायचा. पोरांच्या मोबाईलवर गावाचा गट असतोच, तिथेही टाकायचा. पण फळा सोडायचा नाही, कारण म्हाताऱ्याला आणि मजूरबाईला फळा दिसतो. फायदा काय? आज दुकानदार सांगतो म्हणून फवारणी होते. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारतो. आकडा समोर असला की गरज नसलेली फवारणी टळते, गरज असलेली वेळेवर होते. एकरी एक फवारणी वाचली तरी औषध आणि मजुरी मिळून किती वाचते ते तुम्ही मला सांगा, आणि गावातल्या कापसाच्या एकरांनी गुणा. शिवाय फवारा पाठीवर घेणारा मजूर तितक्या वेळा विषापासून लांब राहील. त्याच्या जिवाचा भाव कोणत्याही केंद्रावर ठरत नाही.

आणि डिसेंबर अखेर फरदड मोडायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे नाही. वहीतले आकडे घेऊन पोरांनी ग्रामसभेत उभे राहायचे. गावाने ठरवायचे, सगळ्यांनी पाळायचे. ज्याला पैशाची नड आहे म्हणून फरदड ठेवायची आहे, त्याची नड कशी भागवायची तेही गावाने बघायचे. सावड ती हीच.

ज्वारीचेही असेच. शिवारात एकट्याने ज्वारी पेरली तर सगळ्या गावची पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात आणि सगळी रानडुकरे रात्री त्याच्याच वावरात. मग तो पुढच्या वर्षी सोयाबीन पेरतो. अशीच ज्वारी गेली, कडबा गेला, आणि कडब्यामागे गोठ्यातले ढोर गेले. दहा जणांनी एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात ज्वारी पेरली तर पाखरांचा वाटा दहांत विभागतो, उशिरा पेरलेल्या ज्वारीवर येणारी खोडमाशी टळते, आणि रात्रीची जागल पाळीने करता येते. एकट्याला रोज जागावे लागते, दहांना दहा दिवसांतून एकदा. तरुणांनी हा पट्टा जुळवून आणायचा आणि जागलीची पाळी लावायची.

सरकारचे काम आणि पोरांचा मोबाईल

आता एका नव्या वेठीबद्दल बोलतो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करत असे. बांधावर न येता करत असे ही गोष्ट वेगळी, पण काम त्याचे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईल घेऊन बांधावर जायचे, फोटो काढायचा, नोंद करायची. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नोंदणी, मग तारीख, मग गाडी. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. भाव सरकारच्या कागदावर, आणि त्या भावापर्यंत जाण्याची वाट पोराच्या मोबाईलमधून. ज्याच्या घरात असा मोबाईल नाही, जिची जमीन नवऱ्यामागे अजून तिच्या नावावर झालेली नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचा कापूस खेडा खरेदीत गेला, व्यापारी म्हणेल त्या भावाने.

ही नोंदणी गावोगाव कोण करून देते? कॉलेजात शिकणारी पोरे, बारावी झालेल्या पोरी. आजोबांची करतात, शेजारणीची करतात, चुकले तर शिव्याही खातात. सरकारचे पगारी काम आपली पोरे बिनपगारी करत आहेत, आणि त्याला कोणी समाजसेवासुद्धा म्हणत नाही. दोन गोष्टी स्पष्ट बोलू. एक, हे काम सरकारचे आहे, त्याचा खर्च सरकारने द्यावा, ही मागणी आपण सोडायची नाही. दोन, मागणी मान्य होईपर्यंत गावातल्या एकाही कोरडवाहू शेतकऱ्याची नोंद राहता कामा नये. कारण नोंद राहिली तर मरतो तो शेतकरी. सरकारचे काही बिघडत नाही.

म्हणून पोरांनी घरोघरची यादी करायची : कोणाची पीक नोंद झाली, कोणाची राहिली. केंद्रावर गाडी जाईल तेव्हा सोबत दोन पोरे जायची. कापसातला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बारा टक्क्यांच्या वर खरेदी नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ हवा. यंत्रावरचा आकडा स्वतः वाचायचा, काट्यावरचे वजन स्वतः लिहायचे, पावती ताडून बघायची. भांडायचे नाही, लिहायचे. ज्याच्या हातात वही असते त्याच्याशी बोलताना काट्यावरच्या माणसाचा आवाज खाली येतो.

पीक विम्याचेही तसेच. २०२५ च्या खरिपात आपल्या राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली गेली. मग तो प्रयोग कोणत्या शेतात झाला, कोणत्या दिवशी झाला, किती किलो निघाले, हे गावातल्या किती जणांना माहीत होते? प्रयोगाच्या दिवशी दोन पोरे बांधावर उभी राहिली पाहिजेत, वहीसकट.

अभ्यास गटाचा धडा

आपल्या कापसाच्या मुलखाच्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचे गोंड गाव आहे. त्या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबू विकण्याचा परवाना गावाच्या हातात आला. हे मोर्चानेच मिळाले असे कोणी समजू नये. त्या गावात पुष्कळ वर्षे अभ्यास गट चालत होता. विषय घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, त्याच्याकडून माहिती घ्यायची पण निर्णय त्याच्यावर सोपवायचा नाही. अभ्यास गटात सगळे बोलायचे. मग ग्रामसभेत सगळ्यांच्या मताने ठरवायचे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत रुजवली.

आपण कोरडवाहू मुलखाचे लोक आंदोलनात कधी मागे राहिलो नाही. १९८० च्या कांदा-उसाच्या आंदोलनापासून शेतकरी रस्त्यावर बसला, तुरुंगात गेला. १९८६ मध्ये चांदवडला बायामाणसे लाखाच्या संख्येने आली. पण आंदोलनांच्या मधल्या दिवसांत गावात काय करायचे, याची रीत आपण पोरांना दिली नाही. मोर्चा वर्षातून दोनदा निघतो. अभ्यास गट आठवड्यातून एकदा बसू शकतो.

गावाने काय द्यायचे?

सावड म्हटली की दुसरी बाजू आलीच. ती आता सांगतो, आणि ती आपल्यासारख्या पिकल्या केसांच्या लोकांसाठी आहे.

पहिली गोष्ट, खर्च द्या. पोराने मोटरसायकलवर केंद्राच्या चार चकरा मारल्या तर पेट्रोल त्याच्या बापाच्या खिशातून का? कापसाच्या गाडीमागे थोडी वर्गणी काढा, तिचा हिशेब फळ्यावर लिहा.

दुसरी गोष्ट, शब्द द्या. जो मोजतो त्याला ठरवताना बोलू द्या. ग्रामसभेत वहीचे वाचन हा पहिला विषय ठेवा.

तिसरी गोष्ट, पोरींना जागा द्या. वेचणी बाया करतात, सगळ्यांत आधी किडके बोंड त्यांच्या हाताला लागते. त्यांना वगळून बोंडअळीची नोंद म्हणजे अर्धे शिवार न बघता केलेली नोंद. आणि जी पोर मोबाईलवर दहा घरांची नोंदणी करते, तिला संध्याकाळी चावडीवर यायला बंदी, हे कसे चालेल?

चौथी गोष्ट सगळ्यांत जड आहे. सातबारा बापाच्या नावावर, कर्ज बापाच्या नावावर, पट्टी बापाच्या हातात. पोरगा तिशीचा झाला तरी शेतात काय पेरायचे ते विचारत नाही, आणि मग आपण म्हणतो पोराला शेतीत रस नाही. चाकणच्या कारखान्यात त्याला बारा तास उभे राहावे लागते, पण पहिल्या तारखेला पैसे त्याच्या हातात पडतात. १९९० च्या सुमारास आपल्या चळवळीने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. तेव्हाही लोक म्हणत होते की असे कोणी करणार नाही. आज मी एवढेच म्हणतो : एक एकर पोराच्या नाहीतर पोरीच्या निर्णयावर सोडा. काय पेरायचे, कधी विकायचे, ते त्यांना ठरवू द्या. आलेला पैसा त्यांच्या हातात द्या, बुडाला तर दोष देऊ नका. आपणही बुडतोच की, दर तीन वर्षांनी.

भावाचा प्रश्न बाजूला पडणार नाही

कोणी म्हणेल, हे सगळे करून भाव मिळेल काय? नाही मिळणार. गावाने वही ठेवली म्हणून आयात थांबत नाही. २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्टला, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली वेचणी घरात येत होती तेच हे दिवस. ज्वारीचा हमीभाव त्या हंगामात संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये होता. तो किती जणांच्या पदरात पडला ते तुम्हीच सांगाल. घामाचे दाम मागण्याची लढाई चालूच राहील, आणि श्रमदान करा म्हणजे भाव मागावा लागणार नाही असे सांगणारा कोणी आला, तर त्याला नम्रपणे वाटेला लावा.

पण त्या लढाईलाही वहीच लागते. उत्पादन खर्च किती, असे सरकार विचारते तेव्हा आपण अंदाज सांगतो. एका गावातल्या वीस घरांचा, तीन हंगामांचा, मजुरीपासून पोत्यापर्यंतचा खर्च पोरांनी लिहून ठेवला असेल, तर आपण अंदाज सांगणार नाही, पुरावा टाकू. प्रत्येक तालुक्यातून अशी पाच गावे उभी राहिली तर जिल्ह्याचे निवेदन वेगळे दिसेल.

येत्या खरिपाआधी

म्हणून या बैठकीतून जाताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने पाच कामे घेऊन जावीत.

एक : बारा जणांचा अभ्यास गट करावा, त्यात निम्म्या पोरी, आणि भूमिहीन घरांतली पोरेही. आठवड्याचा वार आणि वेळ ठरवावी. कोणत्याही पक्षाचा झेंडा त्या खोलीत येऊ देऊ नये.

दोन : मृगाआधी सगळ्या विहिरी-बोअरची यादी आणि पाण्याची खोली लिहून घ्यावी.

तीन : दहा शेते निवडून कामगंध सापळ्यांसाठी वर्गणी गोळा करावी, मोजणीची पाळी लावावी, चावडीवर फळा टांगावा.

चार : घरोघरच्या पीक नोंदीची यादी करावी, आणि वीस घरांच्या खर्चाच्या वह्या सुरू कराव्यात.

पाच : १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या सगळ्याचे वाचन पोरांनीच करावे. आपण खाली बसून ऐकावे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही सोबत आणावी, आणि ती वही ज्याने लिहिली त्याला किंवा तिला पहिल्या रांगेत बसवावे. दाराशी उभे ठेवू नये.